बादलीवरचं नाव

काही ऑफिसांचे किस्से कागदाच्या गठ्ठ्यासारखे साठतात. एक ओढायला जावं तर खालचे चार वर येतात! आमच्या कार्टून स्टुडिओचं तसंच आहे. लोक हसतात म्हणून मी सांगतो. तेव्हा आम्हाला फारसं हसू येत नव्हतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. नाशिकला सातपूरमध्ये बॅटरीच्या दुकानावर आमचा स्टुडिओ. तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी एक परदेशी मालिका होती, तिच्या चित्रांचं काम मुंबईमार्गे आमच्याकडे यायचं. ससा, खार, बेडूक आणि हत्तीचं पिल्लू असे चार मित्र. दर भागात काहीतरी संकट यायचं, चौघं ते निस्तरायचे आणि शेवटी ओरडायचे, "सगळ्यांनी मिळून केलं!" आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, हे वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं होतं. त्याच्याखाली आम्ही आठ जण बसायचो आणि एकमेकांशी धड बोलायचोसुद्धा नाही.

*

एकदा 'वाटून घ्या' असा भाग आला. खार आपले अक्रोड सगळ्यांना वाटते. खार काढायचा आमचा पवार. पेन्सिलीला टोक करायचं चांगलं मशीन अख्ख्या स्टुडिओत एकच, तेही पवारचं, आणि ते कायम ड्रॉवरमध्ये कुलूपबंद!

मी मागायला गेलो, तर म्हणाला, "थांब रे जरा, वाटायचा सीन चाललाय. मूड जातो!"

*

चेहऱ्यावरचे भाव बघून काढता यावेत म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर एक आरसा असायचा. मी ससा काढायचो. एकदा सरांनी मला सगळ्यांदेखत झाप झाप झापलं. मी खाली बसलो. समोर आरसा, हातात पेन्सिल. जे दिसलं ते सशाच्या तोंडावर उतरवलं.

आठवड्याभरानं परदेशातून निरोप आला, सशाचं रडणं फार खरं वाटतं!

त्यानंतर सशाचा रडायचा सीन असला, की सर सकाळी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

*

शोभा हत्तीचं पिल्लू काढायची. मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्या घरातली. आमच्यात सगळ्यात चांगला हात तिचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिला कुणीच सांगत नव्हतं.

एकदा सरांचा चहा तिच्या चाळीस चित्रांवर सांडला. सर म्हणाले, "परत काढ. हात बसेल!"

नेमका त्याच आठवड्यात 'चुकलं तर सॉरी म्हणा' हा भाग. शोभाचा सीन सरांनी परत केला. सॉरी म्हणताना पिल्लाची मान जमली नाही म्हणे. शोभा उठून उभी राहिली.

"सर, एकदा करून दाखवता का? इथं कुणाला म्हणताना बघितलंच नाही."

सर केबिनमध्ये निघून गेले.

*

मालिका आपल्याकडे हिंदीतून लागली, तेव्हा शोभाच्या वडिलांनी, आबांनी, सगळी गल्ली टीव्हीसमोर बसवली. शेवटी नावं पळाली. परदेशातली ढीगभर, मुंबईतली दहा-बारा आणि नाशिकचं एकच, सरांचं! आबांना वाटलं, आपलीच नजर कमी पडली. पुढच्या भागाला ते नवा चष्मा करून बसले.

"लोक इचारत्यात, पोरगी दिवसभर करती काय," ते शोभाला म्हणाले. "दोन स्थळं परत धाडली मी तुझ्यापायी. येकदा नाव दिसू दे, मंग मला कुणाला सांगाया नको."

शोभानं सरांकडे नाव मागितलं. सर हसले. "टीममध्ये असं मी-मी करायचं नसतं!"

*

आता शेवटचा. झाडाला पाणी घालायचा भाग होता. बादली चौघांच्या हातांतून पुढे जाते. शोभानं आपल्या चित्रांत बादलीवर बारीक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. ते मी बघितलं, पवारनं बघितलं. आणि खरं सांगतो, कुणी कुणाला काही न बोलता आम्ही सगळ्यांनी आपापल्या चित्रांतल्या बादलीवर 'शोभा' लिहिलं! पवारनं तर त्या दिवशी मशीन टेबलावर ठेवलं होतं. शोभानं घरी जाऊन आबांना सांगितलं, या भागात बादलीकडे बघा.

चित्रांचं पाकीट मुंबईला निघायच्या दिवशी सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी आठ खोडरबर आणून टेबलावर ठेवले. "संध्याकाळच्या आत बादली कोरी पाहिजे. नाहीतर उद्यापासून कुणी येऊ नका."

पहिला खोडरबर पवारनं उचलला. दुसरा मी. आमच्याकडचं काम वेळेआधी संपलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

"बघा!" सर खूश होऊन म्हणाले. "मनावर घेतलं की होतं!"

घरी सांगायचा धीर शोभाला झाला नाही. तो भाग लागला त्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं होतं. आबा नवा चष्मा पुसून टीव्हीपुढे बसले. बादली आली, चौघांच्या हातांतून फिरली आणि गेली.

आबा मागं वळले. "आगं, नाव कुठंय? कोणी खोडलं?"

"सगळ्यांनी मिळून, आबा," शोभा म्हणाली आणि माझ्या ताटात तिनं आणखी एक जिलबी वाढली.