वरच्या कडेची ओळ

प्रिय ईशा आणि तन्मय,

बापूआजोबा गेले तेव्हा फोनवर मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की, त्यांना फार त्रास झाला नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. परवा तुमची डिसेंबरची तिकिटं काढल्याचं कळलं, आणि वाटलं, तुम्ही मार्गासनीला येऊन शेतात उभे राहण्याआधी तिथं काय दिसेल आणि तसं का दिसेल, हे लिहून कळवावं. बोलताना मला ते जमणार नाही.

बापू तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, ते आठवीतच शाळा सोडून शेतात गेलेले. तुमचे आजोबा गेल्यावर मी इथं राहायला आले, तेव्हा त्यांची स्ट्रॉबेरी जुनी झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी घाटावरून टेम्पोत रोपं आणली होती. स्ट्रॉबेरीला वेलीसारखे धुमारे फुटतात, त्यांना इथं रनर म्हणतात. ते रुजवले की नवं रोप. बापू दरवर्षी आपल्याच शेतातले रनर घेत, आणि घेत कुठले, तर ज्या झाडाला सर्वांत जास्त फुटले असतील त्याचे. पण जे झाड रनर सोडण्यात गुंतलेलं असतं ते फळ कमी धरतं. म्हणजे दरवर्षी ते नेमकी कमी फळणारी झाडं निवडून वाढवत होते. पानं भरगच्च, फळ बारीक. कामथडीला हायवेवर बसणारी विक्रेती त्यांना हाक मारून विचारायची, “बापू, औंदा बी करवंदंच आनली का?”

“वहिनी,” ते मला म्हणाले होते, “माजी रोपं तुमच्या वर्गावानी हायती. हजेरीला समदी, परीक्षेला कोन न्हाई.”

या वर्षी मे महिन्यात त्यांनी अखेर नवी, रोगमुक्त मातृरोपं, म्हणजे रनर घेण्यासाठीची मूळ रोपं, मागवली. साठ. सोबत इंग्रजी माहितीपत्रक होतं. “ह्ये माज्या डोक्यात शिरंल असं लिवून द्या,” म्हणाले. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात क्रमवार लिहून दिलं. मातृरोपांची फुलं खुडावीत, म्हणजे जोर रनरकडे जातो. रनर पिशवीत रुजवावेत. रुजले की मातृरोपापासून तोडावेत. आणि चौथं वाक्य: जुनी रोपं जवळ ठेवू नयेत, उपटून जाळावीत, कारण ती वरून धडधाकट दिसली तरी पावसाच्या पाण्याबरोबर त्यांचा रोग नव्यात उतरतो.

त्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. शेत त्यांनी साफ केलं, पण बांधाकडची, वरच्या कडेची एक ओळ तशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या वो. पोरं डिसेंबरात यायची हायती. नव्यांचं पयलंच वरीस, काय भरवसा? एवढ्या लांबनं आल्यावर हातात काय देऊ, रिकामा वाफा?”

मी हसले... आणि पुठ्ठा पडवीत दारामागं टांगला. आयुष्यभर मुलांच्या वहीतली एकही चूक मी सोडली नाही. ही सोडली, कारण ती ओळ माझ्याच नातवंडांसाठी होती.

जुलैत त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यातून ते रोज फोन करत आणि स्वतःबद्दल अवाक्षर न बोलता फुलं खुडली का, ते विचारत. मी खुडत होते. गुडघे धरून वाफ्याशी बसायचे आणि एकेक फूल नखानं तोडायचे. पाऊस थांबत नव्हता. वरच्या ओळीवरून पाणी नव्या वाफ्यात उतरायचं. आधी कडेची रोपं माना टाकू लागली, मग मधली. मी चर काढायचा प्रयत्न केला, तो दुपारपर्यंत बुजला. औषध आणून फवारलं, ते तासाभरात धुऊन गेलं. नंतर मी खिडकीतून नुसती बघत राहिले.

शेवटचा फोन आला तेव्हा आवाज अगदी खोल गेला होता.

“रोपं?”

“छान आहेत, बापू.”

“समदी?”

“सगळी.”

मग म्हणाले, “तुमी म्हंताय म्हंजी हायती. तुमी कशाला खोटं बोलाल...”

त्या दिवशी वाफ्यात अकरा उरली होती.

कृषी केंद्रातला माणूस म्हणाला, रोग जुन्या ओळीतूनच आला असेल, पण पाऊसही तसाच होता, खात्रीनं सांगता येत नाही. मला खात्री हवी होती की नको होती, ते मलाच कळत नाही. मुलांनो, यात तुमचा काडीचाही दोष नाही. ओळ ठेवायला तुम्ही सांगितलं नव्हतं. ती उपटायला मी सांगायला हवं होतं.

मध्ये दोनदा खुरपं घेऊन त्या ओळीपर्यंत गेले. दोन्ही वेळा बांधावर बसून परत आले. पुठ्ठा अजून पडवीत दारामागं टांगलेला आहे. चौथ्या वाक्याखाली त्यांच्या बोटाचा मातकट डाग आहे.

नव्यातली चार रोपं जगली. ती मी कुंड्यांत घालून घरामागं, शेतापासून दूर नेऊन ठेवली आहेत. त्यांचे नऊ रनर पिशव्यांत रुजले आहेत. वरच्या कडेची, त्यांनी तुमच्यासाठी ठेवलेली ओळही आहे, आणि यंदा ती हिरवीगार आहे.