चावडीपुढचे चिंचोके

आमच्या वन्सं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, यांनी जगात कुणाच्याही घरचं पाणी मुकाट्यानं प्यायलेलं मी पाहिलेलं नाही. लग्नघरी व्याह्यांनी अदबीनं तांब्या पुढं केला, तरी या आधी तो उन्हाकडं धरून न्याहाळणार, मग लुगड्याच्या पदराची दुहेरी घडी तांब्यावर ताणून पाणी गाळणार आणि वर व्याह्यांनाच विचारणार, "गेल्या उन्हाळ्यात कुठलं पाणी पीत होता?" आमच्या एका चुलत दिराची सोयरीक याच प्रश्नावर मोडता मोडता वाचली. तालुक्याच्या दवाखान्यात त्या नारूच्या कामावर होत्या. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा, तो पाय पाण्यात बुडाला की तिथं पिल्लं सोडणारा जंत. त्यामुळं त्यांना माणसाच्या आजपेक्षा त्याच्या गेल्या सालात जास्त रस असे.

दुसरं खूळ याहून अवघड होतं. चारचौघांना विचारल्याशिवाय त्यांना काहीच ठरवता येत नसे. वरणात मीठ कमी वाटलं तर आधी पंगतीला विचारणार, मग परसात भांडी घासणाऱ्या बाईला, आणि सगळ्यांचं एकमत होईस्तोवर वरण गार. मी वैतागले की म्हणत, "अगं, खाणार सगळे, मग चव मी एकटीनं कशी ठरवू?"

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात येरमाळ्याकडच्या आमच्या गावात घरोघरी नारू निघाला. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा आणि तोवर माणूस खाटेवर. पेरणी तोंडावर आली आणि औत धरायला धड पायाचा गडी मिळेना. मग कुणीतरी उठवलं की हा रोग बौद्धवाड्यातून येतो. झालं, तिथल्या बायांना पिठाच्या गिरणीवरून दळण न घेताच परत पाठवू लागले. ही तऱ्हा ऐकली आणि वन्सं पुढच्याच एस.टी.नं येऊन थडकल्या.

दवाखान्याच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की घरोघर जा, टिपून आणा, बाकी आम्ही बघू. ते ऐकतील तर त्या वन्सं कसल्या? त्यांनी चावडीपुढं रांगोळीनं अख्खं गाव काढलं. चित्रकला अशी की मारुतीचं देऊळ आणि आमचा गोठा ओळखू येईना. मग सगळ्या गावाला, बौद्धवाड्यासकट, बोलावून सांगितलं की ज्याच्या घरी नारू त्यानं आपल्या घरावर चिंचोका ठेवायचा, नसेल त्यानं ज्वारीचा दाणा. पहिल्या दिवशी दाणे कोंबड्यांनी टिपले. माझं हसू थांबेना. वन्संनी शांतपणे दाण्यांऐवजी खडे आणवले आणि सगळं गाव पुन्हा मांडायला लावलं.

मांडून झालं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बारवेचं, म्हणजे गावातल्या पायऱ्यांच्या विहिरीचं, पाणी पिणाऱ्या घरांवर चिंचोकेच चिंचोके होते आणि बौद्धवाड्यावर नुसते खडे. तिथल्या गयाबाई म्हणाल्या, "आमी नदीच्या वाळूत झिरा उकरून पितो. बारवेच्या पायऱ्या आमाला कुणी उतरू दिल्यात?" ज्या पाण्यापासून त्यांना लांब ठेवलं, त्याच पाण्यात रोग होता.

वन्संनी विचारलं, "दुष्काळात बारवेत नारूचा पाय कुणी सोडला होता?"

सगळ्यांना ठाऊक होतं. त्या साली गावात नारू एकालाच होता, आमच्या मामंजींना. सोयऱ्यांच्या गावाहून तो घेऊन आले होते, आणि पायाची आग थांबावी म्हणून रोज सकाळी शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसत. गावात त्यांचा शब्द शेवटचा, त्यामुळं कुणी तोंड उघडेना. वन्सं रांगोळीतल्या बारवेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. गप्प राहिल्या असत्या तर वडिलांची अब्रू राहिली असती आणि 'रात्री चोरून बारवेत उतरले असतील' म्हणत गावानं ठपका पुन्हा बौद्धवाड्यावरच ठेवला असता.

"आमच्या आप्पांनी," त्या म्हणाल्या.

मामंजी काठी टेकत उठले. "व्हय. माजाच पाय. आग लई व्हायची. ह्यातनं हे व्हतंय ते कुणाला ठावं?" आणि गावाकडं वळून म्हणाले, "पायऱ्या बुजवा. वरून रहाट लावा. आन् गिरणीवर कुणाला अडवायचं न्हाय."

पण दुपारी ते जेवेनात. मी ताट वाढून दाराआड उभी राहिले. वन्सं समोर बसल्या.

"माय, दुसऱ्या कुणाचा पाय असता, तर असंच बोलली असतीस?"

"बोलले असते, आप्पा. सोपं गेलं असतं."

मामंजींनी ताट पुढं ओढलं आणि म्हणाले, "तू पण बस." बापलेक एका ताटात जेवले. आमच्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं.

आता मामंजी नाहीत. बारवेच्या पायऱ्या मातीखाली आहेत, त्यावर गवत वाढतं. माझ्या सुनांना नारू हा शब्दही माहीत नाही. वन्संना याचा फार आनंद वाटतो, त्या म्हणतात, "विसरले ना? मग झालं." मला मात्र वाईट वाटतं. त्या दिवशी चावडीपुढं बापाचं नाव घेताना त्या कशा उभ्या होत्या, ते मी या पोरींना कितीही सांगितलं तरी आधी त्या विचारतात, "पण नारू म्हणजे काय?"