अंडं उबवणारा क्वार्टरबॅक

आयर्लंडमध्ये, शॅननच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा आयरिश सहकारी रविवारी अमेरिकन फुटबॉल खेळायचा. हौशी संघ, भाड्याचं रग्बीचं मैदान, बघायला तीसेक माणसं. त्याच्या आग्रहाखातर मी जायला लागलो आणि हळूहळू त्या संघाचा पक्का चाहता होऊन बसलो. पुढच्याच वर्षी आमचा क्वार्टरबॅक नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात आधी चेंडू येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्याने क्षणात ठरवायचं, तो. त्याच्या जागी कॉलेजातला एक मुलगा उभा केला.

तो भयंकर खेळायचा, खोटं कशाला बोलू? चेंडू हातात आला की पुतळा. आपली माणसं मोकळी धावताहेत, हात वर करून ओरडताहेत आणि हा आपला बघतोय, चार धिप्पाड गडी अंगावर येऊन आदळेपर्यंत. नाहीतर घाबरून थेट समोरच्या संघाच्या हातात चेंडू द्यायचा. सुरुवातीला लोक म्हणाले, "लहान आहे, होईल ग्रँड." आयरिश लोकांचं ग्रँड म्हणजे ठीक, चालतंय. मग म्हणेनासे झाले. गार वाऱ्यात कान बधिर करून घेत हे बघायचं, याचा मला वीट आला होता.

"आता परत जाणार नाही," मी घरी येऊन म्हणायचो.

"गेल्या रविवारीही हेच म्हणालास," बायको म्हणायची.

त्या उन्हाळ्यात कराडहून वडील आले. त्यांना घेऊन गेलो. तरुणपणी कबड्डी गाजवलेला माणूस. खेळ त्यांना हवा तेवढा लगेच कळला.

"आरं टाक की! टाक!" ते ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यो काय अंडं उबवतोय व्हय रं?"

शेजारच्या लाल दाढीवाल्याने विचारलं, काय म्हणतात? वडिलांनी स्वतःच सांगितलं, "एग! ही सिटिंग ऑन एग!" आणि उकिडवं बसून, कोपरं हलवून दाखवलं. हशा पिकला. पुढच्या डावात मुलाने चेंडू धरला तसा लाल दाढीवाला कोंबडीसारखा कॉक-कॉक करायला लागला. मग त्याच्या पलीकडचा. मग सगळेच. पोराबाळांची माणसं, नोकऱ्या करणारी, आणि कोंबड्या झाली होती. वडील खुशीत माझ्या पाठीवर थापा मारत होते.

मुलाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. तेवढ्यात बाजूने एकजण त्याच्यावर आदळला. खांदा धरून तो पडला, उठेना. तरी कॉक-कॉक चालूच. त्याला धरून बाहेर नेताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो जातोय म्हणून!

मध्यंतरात आम्हा सगळ्यांना थर्मासमधला चहा देणारी बाई हातातला कप टाकून धावत गेली.

"त्याची आई," लाल दाढीवाला मला म्हणाला. म्हणजे याला माहीत होतं. मला त्याच्या शेजारी उभं राहवेना.

थोड्या वेळाने वडील एकटेच मैदानाला वळसा घालून तिच्याकडे गेले. मी मागून पोचलो तेव्हा म्हणत होते, "सॉरी मॅडम. माय मिस्टेक."

मुलाच्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरून ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "यू आर ग्रँड."

गाडीत वडील एवढंच बोलले, "तिच्या हातचा च्या पिलो रं मी."

बदली आलेला तर त्याहून दिव्य निघाला. सामना हरलोच.

वडील परत गेल्यावर एकदा सहकाऱ्याने सांगितलं, त्या मुलाचा खांदा बरा झाला, तो पुन्हा खेळतोय.

"सुधारला का?"

"छे! तसाच आहे," तो हसला. "येतोस ना रविवारी?"

नाही म्हणालो. वाईट खेळ मी आणखी एक वर्षही सोसला असता. त्या माणसांच्या घोळक्यात पुन्हा उभं राहायची मात्र किळस वाटत होती.