अंजिराची तीन पानं

“पण कावळ्याला पत्ता कुणी दिला?” साउंडचं काम बघणारा, नवीन नावाचा मुलगा, पडद्याकडे बघत हिंदीत म्हणाला, आणि खोलीतले सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तरी कुणाच्या लक्षात आलं असतं? इंदिरानगरच्या त्या ऑफिसात मी फारशी बोलत नाही, हे सगळ्यांनी केव्हाच मान्य केलं आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. आठ महिने माहीत होतं. आईला सांगितलं नव्हतं, एकाच खोलीत झोपणाऱ्या बहिणीलाही नाही. आणि पूर्ण – जसं घडलं तसं – तर आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे. कुठून सुरुवात करू?

आम्ही शहरातल्या पशुपक्ष्यांवर मालिका करतो. त्यातला एक भाग शिंपी पक्ष्याचा. अंगठ्याएवढा जीव – चोचीने पानाच्या कडेला भोकं पाडतो, कापसाचे तंतू ओवतो, आणि पानाच्याच पिशवीत घरटं करतो. असं एक घरटं राजाजीनगरला मिळालं, एका अंगणात ड्रममध्ये वाढवलेल्या अंजिरावर. घर अक्कांचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं मराठी आमच्या घरच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहून निम्मं कन्नड झालेलं. कंपनीचं पत्र त्यांनी न वाचताच परत दिलं होतं. कॅमेरा आत येऊ दिला तो मी मराठीत बोलले म्हणून. म्हणजे विश्वास ठेवला तो माझ्यावर.

पहिला दोसा तव्याचा, दुसरा कावळ्याचा, तिसरा आपला, असं अक्का म्हणायच्या. रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर तुकडा ठेवायच्या आणि एक लंगडा कावळा यायचा. त्याचं नाव अण्णा. त्याला उशीर झाला की वाटेत ट्रॅफिक होतं का, अशी चौकशी व्हायची. दिवसातलं त्यांचं पहिलं बोलणं त्याच्याशी असायचं.

मी भरकटते आहे – की भरकटायचंच आहे मला?

घरट्यात तीन पिल्लं झाली. पण खिडकीतल्या कॅमेऱ्यातून फक्त हलणारी सावली दिसायची. वरून आणि समोरून मोठी पानं छपरासारखी आलेली. दिग्दर्शक विवेक दुसऱ्या शूटिंगला निघताना म्हणाला, उद्यापर्यंत उघड्या चोची हव्यात. कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात दिला. पानं काप, असं तो म्हणाला नाही. हे स्पष्ट लिहायला हवं – तो म्हणाला नाही. उलट आमच्या कामात हा पहिला धडा असतो: घरट्याभोवतीचं पान तोडायचं नाही. फारच अडलं तर दोऱ्याने बाजूला बांधायचं आणि शॉट झाला की सोडून द्यायचं. मी बांधून पाहिलं. दोरा निसटला, पान पुन्हा जागेवर. दुसऱ्यांदाही तेच. त्याला फोन करून सांगता आलं असतं, दिसत नाहीये म्हणून. एवढंच वाक्य. का नाही केला फोन? कारण मला ठाऊक आहे. पण ते इथं लिहिलं तर ती सबब होईल.

मी अक्कांकडे कात्री मागितली. टेप कापायला, म्हणाले. त्यांनी शिवणाच्या डब्यातली लहान कात्री पदराला पुसून दिली.

तीन पानं. देठांतून पांढरा चीक आला आणि बोटांना चिकटला. पानं मी बॅगेत कोंबली. अक्का कॉफी घेऊन आल्या तेव्हा तो हात मागे धरला होता. अंजिराची पानं अशीही गळत असतात. त्यांना काही वेगळं वाटलं नाही. दुपारी ऊन थेट घरट्यात उतरलं आणि तीन पिवळ्या चोची उघडलेल्या दिसल्या. मी क्लिप पाठवली. विवेकने मला नावाने शाबासकी दिली. त्या रात्री मला छान झोप लागली – हेही सांगायला हवं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आला. भिंतीवरचा तुकडा खाल्ला. आणि गेला नाही. मान तिरकी करून अंजिराकडे बघत राहिला.

कॅमेरा सुरू होता. मी खिडकीच्या आत, झाडापासून पाच-सहा पावलांवर. नुसती टाळी वाजवली असती तरी तो उडाला असता. पण आमचा आणखी एक नियम आहे: समोर जे घडतं त्यात आपण पडायचं नाही. तो नियम मला नेमका तेव्हा आठवला. आदल्या दिवशी कात्री हातात असताना नाही – तेव्हा आठवला.

एक पिल्लू घेऊन तो गेला. दोन्ही शिंपी जिवाच्या आकांताने ओरडत होते. तो परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मधल्या वेळात मला दारापर्यंत जाता आलं असतं. मी काय केलं? मी फोकस नीट केला.

आरडाओरडा ऐकून अक्का बाहेर आल्या. हाताला दोशाचं पीठ. आधी झाडाकडे बघितलं, मग भिंतीकडे. “मीच त्याला सवय लावली, पुट्टी,” त्या म्हणाल्या; ‘छोटी’ अशा अर्थाने मला त्या पुट्टीच म्हणायच्या. आणि मी – मी म्हणाले, निसर्ग आहे अक्का, असं होतंच. त्यांना वाटलं मी समजूत घालते आहे.

त्या दिवसापासून दोसा बंद. काही दिवस तो भिंतीवर येऊन ओरडायचा. त्या ताट वाजवून त्याला हाकलायच्या. फोनवर हे सांगताना त्या हसल्या होत्या, पण नीट नाही.

विवेकला तो प्रसंग मिळाला याचा कोण आनंद. त्याने अक्कांची मुलाखत घेतली. कॅमेऱ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, कावळ्याला मी बोलावलं, चूक माझी. इंग्रजी सबटायटल लिहायला ऑफिसात मीच होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं सगळं इंग्रजी पणाला लावून मी त्या वाक्याला जरा मऊ शब्द शोधले. तीनदा बदलले. कुणासाठी शोधत होते?

गेल्या शुक्रवारी शेवटचं बघणं होतं. संध्याकाळी फिल्म चॅनलकडे जायची होती. अक्कांना मुद्दाम बोलावलं होतं. रेशमी साडी नेसून, कडबोळ्यांचा डबा घेऊन त्या मेट्रोने आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. पडद्यावर कावळा मान तिरकी करून बघत होता, निवेदक भारदस्त आवाजात सांगत होता की निसर्गाला दयामाया नसते. मग त्यांचा चेहरा आला, खाली माझे मऊ शब्द. फिल्म संपली, दिवे लागले, आणि नवीनने तो प्रश्न विचारला.

सगळे हसत असताना अक्कांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. हिंदी त्यांना चांगलं कळतं. “मी दिला,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यांबरोबर हसल्या. नवीन ओशाळला. विवेकने डब्यातलं कडबोळं उचललं. मग अक्का माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, “अण्णाला अगदीच खुनी केलंय का गं? स्वल्प कमी करता आलं तर बघ. त्याचा काय दोष?”

डब्याचं झाकण माझ्या मांडीवर होतं. ते मी खाली ठेवलं. नंतर मला सांगितलं गेलं की मी फार मोठ्याने बोलले.

“पत्ता मी दिला, अक्का. कात्री टेपसाठी नव्हती – पानं मी कापली.”