झोपेतला पाढा

१२ जानेवारीला माझ्या भाचीला अभिनयाचं पहिलं मानधन मिळालं, रोख साडेबाराशे. भूमिका तापात झोपलेल्या मुलीची होती. दुसऱ्याच दिवशी गणिताची परीक्षा होती आणि ताईने तिला बजावलं होतं, "नापास झालीस तर ही सोंगं बंद!" म्हणून शूटिंगच्या मधल्या वेळात मी पलंगामागे बसून तिचे पाढे घेत होतो.

निळसर दिवे लागले आणि खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत झाली. पण डोळे मिटूनही तिचे ओठ हलतच राहिले. मी घाबरलो. दिग्दर्शक कुजबुजले, "थांबवू नका, पोरगी स्वप्न बघतेय."

ती सतराचा पाढा म्हणत होती.

गणितात ती काठावर पास झाली. एकोणिसाचा पाढा तिच्याकडून अजून येणे आहे.