उत्तराचा कागद

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी काकांचं खेळण्यांचं दुकान आहे. कोडं इंजिनिअरला द्यायचंय म्हटलं, की ते खोक्यातला उत्तराचा कागद काढून घेतात. "इनको जवाब देना म्हणजे इन्सल्ट, ताई."

अंबरनाथच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेल्या माझ्या बाबांसाठी त्यांनी एक लाकडी कुलूप निवडलं. माझ्यासमोर दोन मिनिटांत उघडून दाखवलं आणि परत बंद करून दिलं.

महिनाभर झटून हरलेले बाबा शेवटी मला घेऊन दुकानात गेले. काकांनी कुलूप बराच वेळ उलटसुलट फिरवलं आणि मान हलवली. "साहेब, मेरे से भी नहीं खुला. तुम्ही उघडलं की मला शिकवा."

मी कुलूप परत पिशवीत घातलं.

गेल्या रविवारी बाबांनी त्यांना शिकवलं. शिकताना काका चांगले दोनदा चुकले.