गुलाबी चिठ्ठ्यांचा डबा

व्हर्डेल पिंकनी शाळेची पिवळी बस चालवू लागली त्याला एकवीस वर्षं झाली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या खाडीकाठच्या रस्त्यावर भरतीचं पाणी कुठे डांबरावर चढतं, कुठल्या घरचं कुत्रं चाकामागे धावतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आरशात एकदा बघितलं की कोण उपाशी आलंय आणि कोण रडून आलंय, हे तिला कळे. बोलायची मात्र कमी. गुडघ्याजवळ ताकिदीच्या चिठ्ठ्यांचं पॅड लटकलेलं असे, त्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल. गोऱ्या पोरानं दोनदा ऐकलं नाही तर ती लिही. आपल्या काळ्या पोरानं एकदा ऐकलं नाही की लिही. हे ती लपवतही नसे.

यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. ती लहान असताना काळ्यांची शाळा वेगळी होती. तिथल्या बाईंनी चिठ्ठी दिली की ती घरी न्यायची, आईची सही आणायची, आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत उभं राहून माफी मागायची. मग बाई ती चिठ्ठी तिथंच फाडत. फाटली की संपलं. पुढे ती शाळा बंद झाली, व्हर्डेल पाचवीत गोऱ्यांच्या शाळेत गेली, तेव्हा आई वेणी घालता घालता म्हणाली होती, “त्यांच्या दुप्पट नीट वाग, तेव्हा कुठे निम्मं पदरात पडेल.” व्हर्डेलनं ते गाठीला बांधलं. आपल्या पोरांना आपणच आधी वळण लावलं तर परक्याला हात लावायला जागा उरत नाही, असा तिचा हिशेब.

पॅडवर एकदा लिहिलं की तीन कागद निघत. पांढरा ऑफिसात, पिवळा घरी, गुलाबी तिच्याजवळ. गुलाबी कागद ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. पांढऱ्याचं पुढे काय होतं, हे तिनं कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वळणावर केशियाच्या क्लॅरिनेटची पेटी घसरून पुढच्या बाकाखाली गेली. केशिया नववीत होती, शाळेच्या बँडमध्ये वाजवायची. ती उठून वाकली. व्हर्डेलनं आरशातून सांगितलं, खाली बस. “एक मिनिट, मिस व्हर्डेल,” पोरगी म्हणाली. पेटी हाताशी आल्यावर बसली. व्हर्डेलनं शाळेच्या दारात चिठ्ठी लिहिली: बस चालू असताना उभी राहिली, सांगून ऐकलं नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी, केशियाची आजी अर्नेस्टीन चर्चच्या कॉयरमध्ये गाताना व्हर्डेलच्या शेजारी उभी राहिली नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. प्रार्थना संपल्यावर पायऱ्यांवर तिनंच व्हर्डेलला गाठलं. वर्षातली ती केशियाची तिसरी चिठ्ठी होती. तीन झाल्या की सुनावणी. तिला गावाबाहेरच्या त्या दुसऱ्या शाळेत घालणार होते, जिथं दारात दप्तर तपासतात आणि बँड नाही.

“मी तर पिवळ्यावर सही केली गं,” अर्नेस्टीन म्हणाली. “पोरीला तुझ्यापुढे उभीही करणार होते. मला वाटलं, मिटलं.”

“मलाही तसंच वाटलं.”

घरी आल्यावर व्हर्डेलनं टोपीही काढली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा उपडा केला आणि पत्ते लावावेत तशी नावानं चिठ्ठ्या लावत बसली. गॅसवर भात लागला, त्याचा वास आला, तरी उठली नाही. कोल्ट ब्रासवेल, गोरा पोरगा, एका वर्षात अकरा चिठ्ठ्या. त्यानं चालत्या बसमधून बाटली फेकली होती, मागचं दार उघडलं होतं. तो अजून मागच्या बाकावर बसत होता. केशियाखेरीज तीन-तीनच्या आणखी चार गड्ड्या निघाल्या. चारही काळी पोरं. ती एकेक करून थांब्यावर यायची बंद झाली होती, आणि दर वेळी व्हर्डेलला वाटलं होतं, घर बदललं असेल.

तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

सुनावणीला ती डबा मांडीवर घेऊन बसली. टेबलापलीकडे तिघं होती. शिस्तीच्या साहेबांनी तिची चिठ्ठी वाचून दाखवली. व्हर्डेल उठून म्हणाली की लिहिणारी मीच आहे, आणि मी ती परत घेते. साहेब सौम्य माणूस होता. नोंद एकदा कॉम्प्युटरवर गेली की परत होत नाही, असं त्यानं समजावलं. तिनं डबा उघडून कोल्टच्या अकरा चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या मुलांविषयी इथं बोलता येत नाही, असं त्यानं तितक्याच सौम्यपणे सांगितलं आणि चिठ्ठ्या न वाचता तिच्याकडे सरकवल्या. केशियाला त्या दुसऱ्या शाळेत पंचेचाळीस दिवसांची शिक्षा झाली.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत केशिया आधीच गाडीत जाऊन बसली होती, काच वर करून. अर्नेस्टीन म्हणाली, “अक्षर तुझंच होतं, व्हर्डेल.”

“माझंच.”

“तो डबा दे. वरच्या मंडळाकडे अर्ज करायचाय. चर्चमधल्या बाकीच्या आयाही येतील. तू सांगितलेल्या त्या चौघांच्यासुद्धा.”

ते कागद बाहेर दिले तर नोकरी जाईल, हे दोघींनाही ठाऊक होतं. पेन्शनला चार वर्षं उरली होती. व्हर्डेलनं डबा दिला. अर्नेस्टीननं तो बगलेत धरला, आभार मानले नाहीत, आणि गाडी सुरू केली.

सोमवारी सकाळी खाडीवर धुकं होतं. अर्नेस्टीनच्या घरापुढच्या टपालपेटीपाशी व्हर्डेलनं रोजच्यासारखी बस थांबवली आणि दार उघडलं. थंड वारा आत आला. व्हरांड्यात दिवा होता, कोणी बाहेर आलं नाही. मागच्या बाकावर कोल्ट उभा राहून कोणाची तरी टोपी ओढत होता. ती आरशातून त्याला म्हणाली, खाली बस. तो बसला नाही. पेन्सिल दोरीला लटकत होती, तिनं हात लावला नाही.

मधल्या बाकावरून एक लहान पोर म्हणालं, “मिस व्हर्डेल, इथं कोणी नाहीये.”

“माहीत आहे मला, बाळा,” ती म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ दार तसंच उघडं ठेवलं.